तुझी रात्रपाळी

६ फेब्रुवारी

प्रिय अगं,

पत्राच्या वर तुझं नाव घालावं म्हणून बराच वेळ पेन धरून बसलो. पण लग्न झाल्यापासून तुला नावानं हाक मारल्याचं काही केल्या आठवेना. मी ‘अगं’ म्हणतो, तू ‘अहो’ म्हणतेस, आणि आजवर कधी चुकून तिसऱ्याच कुणी ओ दिलेली नाही. तेव्हा तेच राहू दे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारणार. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. जेवलीस का, मी जेवलो, बाळ काय करतंय, बरं ठेवतो. एवढ्यात माझं दुकान बंद. शिवाय फोनवर तू नुसत्या आवाजावरून माझं पोट बिघडलंय का डोकं, ते ओळखतेस. कागदाला आवाज नसतो.

घर आहे तिथंच आहे. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालतो. एक सुकली, पण ती तू असतानाच मान टाकून होती, हे लक्षात घे. लेकीनं पाठवलेला नातीचा फोटो मी फ्रेम करून दुकानात अगदी समोर लावलाय. कडेला माउंटचा फिकट जाड कागद आणि बारीक लाकडी पट्टी. गिऱ्हाईक विचारतं, ‘ही केवढ्याला?’ मी म्हणतो, ‘ही विकाऊ नाही, नात आहे.’

आता अख्खा पलंग माझा. मधोमध उताणा पडतो, हातपाय पसरून, एखाद्या संस्थानिकासारखा. तुझं ते कोपर नाही ना आता! लग्नानंतरची बरीच वर्षं तू झोपेत अगदी गरीब होतीस. मग काय बिनसलं कोण जाणे, रात्री बरगडीत कोपर मारायला लागलीस. ‘व्हा कुशीवर’ म्हणून ढोसायचीस आणि मी झोपेतल्या झोपेत वळायचो. म्हटलं, दिवसभराचा राग काढत असेल बिचारी, काढू दे.

तर सांगायचं म्हणजे झोप झकास. उशीला डोकं टेकायचा अवकाश. फक्त सकाळी डोकं जरा जड असतं, घशाला कोरड पडते आणि दुपारी दुकानात डोळा लागतो. वय झालं म्हणायचं.

परवा एक गंमत झाली. एका बाईंनी त्यांच्या वडिलांचा फोटो दिला होता. खाली पितळी पट्टी बसवायची होती, ‘बाबा, तुम्ही कायम आमच्या आठवणीत राहाल.’ त्याच दिवशी एका नव्या जोडप्याकडून फोटो आला होता, त्यात नवरा एकटाच, सुटाबुटात. पट्टी बसली त्या नवऱ्याच्या फोटोखाली. फ्रेम न्यायला त्याची बायको आली. तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काका, अजून महिनाही झाला नाही हो.’ ती हसली म्हणून निभावलं. तिची सासू बरोबर होती. ती नाही हसली.

अक्षर वाकडंतिकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन नवीन आहे.

बाळाला माझा पापा. लेकीला म्हणावं, आईला फार राबवू नकोस. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
अहो

१९ फेब्रुवारी

प्रिय अगं,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी बाळाच्या, दोन कुंडीच्या, आणि मग हे: ‘पेन नवीन असलं की अक्षर असं येत नाही. हाताला लागलं की येतं. काय झालंय ते लिहा.’

जन्म टपाल कचेरीत लोकांची गचाळ अक्षरं लावण्यात गेला तुझा, मी विसरलोच. कागदाला आवाज नसतो म्हणालो, ते मागे घेतो.

ऐक मग. घाबरायचं काही नाही, आता टाकेसुद्धा निघालेत. जानेवारीच्या शेवटी एक मोठी काच कापत होतो. दुपारची वेळ, जेवण अंगावर आलेलं. काच कापायचा हिरा हातात, पट्टी लावलेली, रेघ अर्धी ओढलेली. आणि त्या रेघेच्या मध्यावर माझा डोळा लागला. उभ्या उभ्या. जाग आली ती काच फुटल्याच्या आवाजानं. उजवा तळहात कापला होता. शेजारचे टेलरमास्तर धावत आले, त्यांनी कुणाच्या तरी शर्टाचं नवंकोरं कापड माझ्या हाताला गुंडाळलं आणि मला दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीणबाई आपल्या लेकीच्या वयाची असेल. टाके घालता घालता बोलत होती.

‘काच निसटली कशी?’

‘डोळा लागला.’

‘काच कापताना?’

‘मला कुठेही झोप लागते,’ मी जरा मिजाशीतच म्हणालो. ‘खुर्चीत, बाकावर, उभ्यानं. एकदा तर सिग्नलला स्कूटरवर.’

तिनं सुई थांबवली. ‘स्कूटरवर?’

टेलरमास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. ते तेव्हा मागे बसले होते.

मग तिनं रक्तदाब घेतला. थोडं थांबून परत घेतला. मग म्हणाली, ‘टेप आहे का कुणाकडे?’ टेलरमास्तरांच्या गळ्यात टेप असतेच. तिनं माझा गळा मोजला. टेलरमास्तर वाकून बघत म्हणाले, ‘मागच्या शर्टापेक्षा वाढलाय.’ मला कळेना, हात कापलाय माझा, गळा कसला मोजतेस?

‘काका, झोप लागणं वेगळं आणि झोप होणं वेगळं,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला लागते, पण होत नाही. म्हणून सकाळी डोकं दुखतं, म्हणून विसरायला होतं, म्हणून रक्तदाब चढलाय. असंच चाललं तर हृदयावर ताण येतो, साखर वाढते. घोरता का?’

‘मला काय माहीत? मी तेव्हा झोपलेला असतो.’

‘काकू काय म्हणतात?’

‘ती लेकीकडे गेली आहे. बाळंतपणाला.’

‘मग त्यांना विचारा, झोपेत तुमचा श्वास मधूनमधून थांबतो का. विसरू नका. आणि तोवर स्कूटर चालवायची नाही.’

स्कूटरची किल्ली टेलरमास्तरांनी तिथल्या तिथं माझ्या खिशातून काढून घेतली. माणूस मित्र म्हणून चांगला आहे, पण हात फार चालू आहे.

हे सगळं मागचं पत्र लिहायच्या आधीच झालं होतं. तेव्हा लिहिलं नाही, कारण तू पहिल्या गाडीनं परत आली असतीस. टाके काढायला गेलो तर डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न, ‘विचारलंत का?’ आता पुढच्या खेपेला काय तोंड दाखवू? म्हणून विचारतो. अगं, माझा श्वास थांबतो का? तू आपलं ‘छे, काहीतरीच’ असं लिहून पाठव, म्हणजे ती माझा पिच्छा सोडेल.

तुझा,
अहो

ता.क. कापडाचे पैसे टेलरमास्तर घेत नाहीत. शर्ट ज्याचा होता त्याला काय सांगितलं, तेही सांगत नाहीत.

४ मार्च

अहो,

‘छे’ असं लिहून पाठवता येणार नाही. थांबतो.

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मामंजी गेले ते वर्ष आठवा. रात्री जेवून, पेपर वाचून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. सगळे म्हणाले, किती छान मरण. तुम्ही मात्र नंतर कितीतरी दिवस दिवा चालू ठेवून बसायचात. मी म्हणायचे, पडा जरा. तुम्ही म्हणायचात, ‘डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत तर?’ एवढा मोठा माणूस, आणि माझा हात धरून पडायचात. हळूहळू तुम्हाला परत झोप लागायला लागली. मला केवढा आनंद झाला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही घोरत होतात. ते नेहमीचंच. मग एकदम सगळं शांत. छाती हलतेय, पण हवा जात नाही. मी उठून बसले. हाक मारणार तेवढ्यात तुम्ही मोठ्यानं धाप घेतलीत, पाण्यातून वर आल्यासारखी, आणि परत घोरायला लागलात. मला वाटलं, स्वप्न पडलं असेल. मग ते परत झालं. कुशीवर वळवलं की थांबायचं. म्हणून कोपर.

सांगायला हवं होतं. पण कसं सांगणार होते? ज्या गोष्टीला भिऊन तुम्ही जागत होतात तीच तुम्हाला होतेय म्हणून? कशीबशी लागलेली झोप मी कशी हिसकावून घेऊ? म्हटलं, कोपरानं भागतंय तोवर भागवू. मी आहेच जागी. मग ती सवयच झाली. तुमच्या आवाजाशी माझी झोप बांधलेली. तुम्ही थांबलात की मी जागी.

आता माझं ऐका. लेकीनं तुम्हाला काही सांगितलं नसेल, मीच नको म्हणाले होते.

इथं तुम्ही शेजारी नसता. मला वाटलं होतं, महिनाभर मस्त झोपेन. पण इथं रात्र अगदी गप्प असते आणि गप्प झालं की मी उठून बसते. तुमचा श्वास थांबला असंच वाटतं. मग आठवतं, तुम्ही इथं नाहीच. तोवर झोप गेलेली असते. घड्याळ बघत पडून राहायचं. जावयांनी दोनतीनदा मला अशी अंधारात बसलेली पाहिली. पाणी आणून दिलं.

एक दिवस दुपारी बाळ मांडीवर होतं. लेक कपडे वाळत घालत होती. माझा डोळा लागला. बाळ मांडीवरून घसरलं. बाजूला जाड उशी होती, तिच्यावर आलं, रडलंसुद्धा नाही. काही झालं नाही हो. पण लेकीनं दारातून पाहिलं. ती ओरडली नाही. आली, बाळाला उचललं, आणि मला म्हणाली, ‘आई, तू जरा पड.’ बस्स. त्या दिवसापासून बाळ माझ्याकडे असलं की तिला नेमकं त्याच खोलीत काहीतरी काम निघतं. मला कळतं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण रात्री ते आठवलं की उशी ओली होते.

ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. माझाही रक्तदाब वाढलाय. विसरायला होतं ते झोप होत नाही म्हणूनच, म्हणाले. मी तुम्हाला फोनवर सांगत राहिले की मजेत आहे. मजेतच आहे. फक्त नातीला घेतलं की कुणीतरी शेजारी बसतं.

तेव्हा आता टाळाटाळ करू नका, जी काय तपासणी असेल ती करून घ्या. इतकी वर्षं तुम्हाला सांगायची भीती वाटायची. तुमचं काचेचं वाचल्यापासून न सांगायची वाटते.

तुमचीच,
अगं

१५ मार्च

प्रिय अगं,

तुझं पत्र दुकानात वाचलं. शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसून राहिलो. टेलरमास्तर खालून वाकून म्हणाले, ‘काय हो, बरं आहे ना?’ मी म्हटलं, ‘बायकोचं पत्र आलंय.’ ते म्हणाले, ‘मग असू दे,’ आणि गेले. थोड्या वेळानं शटरखालून चहाचा कप आत सरकला.

काय लिहू? मी चारचौघांत सांगत आलो, आमची ही झोपेत मारकुटी आहे म्हणून. लेकीच्या लग्नात तर व्याह्यांनासुद्धा सांगून हसवलं होतं. तू तेव्हा शेजारीच उभी होतीस आणि तूही हसलीस. अगं, का हसलीस?

सकाळी तू जरा भिंतीला टेकलीस की मी चहासाठी हाक मारायचो, तेही आठवलं. पुष्कळ काय काय आठवलं. ते समोरासमोर बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं, ‘थांबतो म्हणते.’ तिनं मला मोठ्या हॉस्पिटलात एक रात्र झोपायला पाठवलं. डोक्याला, छातीला, पायांना वायरी, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. दुरुस्तीला टाकलेल्या रेडिओसारखा मी पडलेलो, आणि ती नर्स म्हणते, ‘आता अगदी घरच्यासारखे झोपा.’ घरी मला कुणी असं वायरीत बांधत नाही, म्हटलं. पण झोपलो. मला कुठेही लागते, तुला माहीतच आहे.

रिपोर्ट आला. रात्रभरात श्वास किती वेळा थांबला तो आकडा मी तुला लिहीत नाही. तुला तो माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. उताणं झोपलं की घशाचे स्नायू सैल पडतात, गळ्याच्या चरबीचं ओझं येतं, आणि वाट बंद होते. मग शरीर घाबरून अर्धवट जागं होतं, श्वास घेतं, परत झोपतं. रात्रभर हेच. म्हणजे मी समजत होतो की मी संस्थानिकासारखा लोळतोय, आणि आतला मी पहाटेपर्यंत गटांगळ्या खात होतो.

‘झोपेची गोळी द्या एखादी,’ मी म्हटलं.

‘तुम्हाला तर अजिबात नाही. घसा आणखी सैल पडेल.’

‘मग काही घरगुती? साधंसं?’

‘साधंच आहे सगळं,’ ती म्हणाली, ‘पण करायला लागतं. कुशीवर झोपायचं. वजन उतरवायचं. रात्री लवकर आणि हलकं जेवायचं. शनिवारची ती तुमची मित्रमंडळींबरोबरची बैठक बंद.’ (तिला कुणी सांगितलं? टेलरमास्तर परत खिडकीबाहेर बघत होते.) ‘दुपारनंतर चहा नाही. दुपारची झोप डुलकीइतकीच. आणि तुमचा त्रास नुसत्या सवयींवर भागण्याइतका हलका नाही, म्हणून रात्री मास्क लावायचा.’

मास्क म्हणजे एक छोटं यंत्र असतं, त्याची नळी नाकावरच्या टोपणाला. ते हवा आत ढकलत राहतं, म्हणजे वाट बंद होत नाही. आरशात बघितलं. तू घाबरशील. बाळ हसेल.

तुझंही विचारलं. मी सगळं सांगितलं, बाळाचंसुद्धा. रागावू नकोस. ती म्हणाली, ‘काकूंच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच आधी करायचं. पण मला वाटतं, त्यांना पहारा द्यायची सवय लागली आहे. पहारा द्यायचं कारण गेलं की सवयही जाते, पण सावकाश. त्यांना म्हणावं, रात्री कशीही गेली तरी सकाळी रोज ठरल्या वेळी उठायचं आणि थेट उन्हात जायचं. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करायचं. झोप येत नसेल तर पलंगावर तळमळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, आणि डोळे जड झाले की परत यायचं.’

कंटाळवाणं म्हणजे काय, मी विचारलं. ‘मटार सोलायचे,’ म्हणाली.

तेव्हा अगं, कारण मी घालवतोय. तू मटार सोल. आजपासून तुझी रात्रपाळी बंद. हा माझा हुकूम समज, आणि आयुष्यात पहिल्यांदा ऐक.

तुझा,
अहो

२ एप्रिल

प्रिय अगं,

तुझ्या पत्रात मटार सोलल्याचं वाचून हसलो. आणि जावई सकाळी फ्रीज उघडून म्हणाले, ‘आई, परत मटार?’ ते वाचून जास्तच. आता त्यांची दया येत असेल तर मोजे रफू कर.

खरं सांगायचं तर इथला पहिला आठवडा वाईट गेला. मास्क लावला की नाकात वादळ. झोपेत मीच तो ओढून काढायचो, आणि सकाळी तो पलंगाखाली सापडायचा. एकदा तर चिडून फोन केला डॉक्टरीणबाईंना. ‘हे माझ्यानं होणार नाही.’ ती म्हणाली, ‘संध्याकाळी टीव्ही बघताना जागेपणीच थोडा वेळ लावून बसा. ओळख होऊ दे.’ तसा बसलो. टेलरमास्तर काही कामाला आले, दार उघडलं तर मी असा. त्यांनी दार परत लावलं आणि बाहेरून बेल वाजवली.

कुशीवर झोपायची त्यांनीच युक्ती काढली. माझ्या जुन्या शर्टाला पाठीमागे खिसा शिवला, त्यात टेनिसचा चेंडू. उताणं झालं की चेंडू टोचतो. म्हणाले, ‘वहिनींचं कोपर काही शिवून देता येत नाही, चेंडूवर भागवा.’ मी त्यांना सगळं सांगितलंय. रडलो त्यांच्यापुढे थोडासा. तेही.

सकाळी आम्ही दोघं चालायला जातो. त्यांचा गुडघा आणि माझं पोट, अशी ही मिरवणूक तळ्याला फेरी मारते. सुरुवातीला मी चालता चालता जांभया द्यायचो, आता बोलतो. रात्रीचं जेवण उजेड असतानाच उरकतो, सूप आणि उकडलेल्या भाज्या. तोंडाला चव नाही, पण पट्ट्याला नवीन भोक पाडून तो आवळावा लागलाय. फोन स्वयंपाकघरात झोपतो. संध्याकाळचा चहा बंद केल्याचं दुःख मात्र अजून ताजं आहे, त्यावर बोलू नकोस.

आता मुख्य गोष्ट. गेल्या मंगळवारी सकाळी मी उठलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पडल्या पडल्या शोधत राहिलो, काय ते. मग लक्षात आलं, डोकं दुखत नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी ते दुखत होतं आणि मी समजत होतो की सकाळ म्हणजे अशीच असते. खिडकी उघडली. समोरच्या इमारतीचा रंग पिवळा आहे, हे तुला माहीत होतं? मला ती मळकट करडी वाटायची.

त्या दिवशी दुकानात एक मोठी काच कापली. एका दमात, सरळ. ती पट्टीवाली नवी नवरी आली होती, नवऱ्याला घेऊन. तो धडधाकट आहे. आता दोघांचा एकत्र फोटो करायला दिलाय. सासूबाई बाहेरच थांबल्या, पण आल्या होत्या.

मात्र तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला बोचतंय. लिहितेस, ‘मी जरा बरी आहे, पण मध्येच दचकून उठतेच. तुमचा मास्क निसटला असेल असं वाटतं.’ अगं, इतक्या लांबून कसला पहारा देतेस? यंत्र चालू आहे हे मी कितीही लिहिलं तरी तुझे कान ते मानणार नाहीत. त्यांनी ते स्वतः ऐकायला हवं.

म्हणून मी येतोय. लेकीशी बोललोय, जावयांनी तिकीट काढलंय. दुकान टेलरमास्तर सांभाळतील, म्हणजे कुलूप लावून किल्ली जवळ ठेवतील. सामानात यंत्र आहे, चेंडूचा शर्ट आहे. नातीसाठी फ्रेम आणली असती, पण काच नको म्हटलं, ती आता हात मारते म्हणतेस.

तुझा,
अहो

१८ एप्रिल, सकाळ
तुझ्या उशाशी

अगं,

हे पत्र टपालात जाणार नाही. तुझ्या उशीला टेकवून ठेवतोय.

मी इथं येऊन आज चौथा दिवस. पहिल्या रात्री तू झोपलीच नाहीस, मला कळलं. सकाळी विचारलं तर म्हणालीस, ‘ऐकत होते.’ काय ऐकलंस, तर म्हणालीस, ‘काही नाही, नुसतं चाललंच होतं. मी वाट बघत राहिले, कधी थांबतं.’ दुसऱ्या रात्री तू दोनदा वाकून माझ्या तोंडाशी हात धरलास. मी जागा होतो, पण डोळे मिटूनच ठेवले. तुला तुझी खात्री करून घ्यायची होती, मध्ये मी कोण?

काल दिवसभर तू बाळाची गाडी ढकलत माझ्याबरोबर उन्हात हिंडलीस. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून आपण पुष्कळ बोललो. लग्नात का हसलीस, ते तू सांगितलंस. ‘तुम्ही इतके खुशीत होता, आणि धडधडीत जिवंत होता. मला हसूच आलं.’

आज सकाळी मला आपोआप जाग आली. मास्क काढला. खोलीत उजेड आला होता. शेजारी बघितलं तर तू झोपलेली.

अगं, तुला सांगतो, मी क्षणभर घाबरलो. मग लक्षात आलं, मी तुला झोपलेली अशी कधी पाहिलेलीच नाही. मी झोपायचो तेव्हा तू जागी असायचीस आणि मी उठायचो तेव्हा तू उठून कामाला लागलेली असायचीस. मधल्या रात्रीचं मला काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका पलंगावर, आणि तू झोपेत कशी दिसतेस हे मला आज कळलं.

तर कळवतो. तू गालाखाली हात घेऊन झोपतेस. दोन्ही नाही, डावाच. भुवयांच्या मध्ये तुला जी आठी असते ना, ती मी समजत होतो जन्मतःच आहे. ती नाही आत्ता. तोंड किंचित उघडं आहे. श्वास संथ चाललाय. मी बराच वेळ ऐकला. मध्ये तू कुणाशी तरी झोपेत बोललीस, ‘ठेवा तिथंच’ असं काहीसं. बहुतेक टपाल असेल.

लेक दारात आली होती, चहा झालाय म्हणून सांगायला. मी ओठांवर बोट ठेवलं. ती आत डोकावली, तुला बघितलं, आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘बाबा, तिला उठवू नका. ती तिची ती उठली की बाळाला तिच्याकडे द्या. मला आज केस धुवायचेत, वेळ लागेल. आणि तुम्ही तिथं बसून राहू नका, फिरून या.’

मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, ‘खरंच.’ आणि डोळे पुसत गेली.

तेव्हा उठलीस की बाळ तुझं. ठरल्या वेळी उठायचं वगैरे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं उद्यापासून. त्यांना मी समजावतो. चहा थंड झाला तर दुसरा करू, आणि कुणी विचारलं, काकू अजून झोपल्यात? तर मी सांगेन, हो, झोपल्यात.

आता दार हळूच लोटून घेतो.

तुझा,
अहो